कृत्रिम गुडघा: धातूचे काम किती, शरीराचे किती

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला गेला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत मूळचे मध्य प्रदेशातले, इंदूरला वैद्यकीचे शिक्षण घेतलेले. पण त्यांची ओळख पंतप्रधानांचे सर्जन एवढ्यावर संपत नाही. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचे कूळ ज्या एका सांध्यापाशी जाऊन पोहोचते, तो ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा घडवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या रुग्णालयात जॉन इन्सॉल, राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये तो रुग्णांच्या गुडघ्यांत बसू लागला.

त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. आता घरात कुणाला गुडघा बदलायचा सल्ला मिळाला, की नावांचा भडिमार सुरू होतो. कुणी म्हणते हाय-फ्लेक्स घ्या, कुणी फिरत्या गादीचा घ्या म्हणते, कुणाच्या व्याह्यांनी सोनेरी गुडघा बसवून घेतलेला असतो. सी.आर., पी.एस., मीडियल पिव्हट ही अक्षरे आणि नावे रुग्णाच्या कानावरून जातात आणि निर्णय शेवटी किमतीवर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर होतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण या सगळ्या नावांमागचा प्रश्न समजायला अवघड नाही. गुडघा जागेवर धरून ठेवायचे आणि त्याला वळण द्यायचे काम रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांनी, म्हणजे ज्यांना आपण लिगामेंट म्हणतो त्यांनी, किती करायचे आणि धातू व प्लॅस्टिकने किती? प्रत्येक रचना म्हणजे या प्रश्नाला कुणीतरी दिलेले एक उत्तर आहे.

निसर्गाने दिलेला गुडघा हाडांच्या आकारावर फारसा अवलंबून नाही. खुब्यात गोल डोके खोल वाटीत बसलेले असते. गुडघ्यात तसे काही नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या असतात आणि सगळे एकत्र धरून ठेवतात चार मुख्य अस्थिबंध: आतल्या व बाहेरच्या बाजूला एकेक आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना छेद देणारे दोन. छेद देणाऱ्यांपैकी पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही, मागचा तिला मागे जाऊ देत नाही. गुडघा वाकतो तेव्हा मांडीचे हाड नुसते एका जागी फिरत नाही. ते फिरते, घरंगळते आणि थोडे मागेही सरकते. मागे सरकल्यामुळेच मांडी आणि पोटरीमध्ये जागा राहते व गुडघा पूर्ण दुमडता येतो. शिवाय वाकताना नडगी किंचित आतल्या बाजूला वळते. साधे चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि हिंडत्याफिरत्या माणसाचा प्रत्येक गुडघा वर्षाला सुमारे दहा लाख वेळा वाकतो.

हे सगळे बारकावे कळायच्या आधी माणसाला गुडघा ही बिजागरीच वाटली. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० मध्ये क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. ती हाडात पक्की करायला त्यांनी राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर वापरले. क्षयाचा जंतुसंसर्ग आतच होता, त्यामुळे ते सांधे टिकले नाहीत. पण हाड कापून जागी परकी वस्तू बसवायची आणि तिला लुकणाने धरायचे, ही कल्पना तिथून सुरू झाली. पुढे १९५१ मध्ये स्वीडनच्या बोर्ये वाल्डियस यांनी नवी बिजागरी आणली, आधी अॅक्रिलिकची आणि नंतर कोबाल्ट-क्रोमची. इंग्लंडमध्ये शीयर्स यांनी तशीच धातूची केली. या बिजागऱ्यांमध्ये अस्थिबंधांना काही कामच उरले नव्हते. सगळे काम धातूच्या आसाकडे. आणि तिथेच त्या फसल्या. चालताना नडगीला वळायचे असते. बिजागरी वळू देत नाही. तो पीळ मग आसातून दांड्यात, दांड्यातून हाडात जातो. वर्षानुवर्षे रोज हजारो वेळा तो झटका बसला, की हाडातली पकड सैल होते.

पूर्णपणे उलट टोकाचे उत्तर एका कॅनेडियन तरुणाने दिले. फ्रँक गन्स्टन हे इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांच्याकडे काम करत होते. चार्नली यांनी खुब्यासाठी धातू आणि पॉलिएथिलीन प्लॅस्टिकची जोडी आणि हाडाला घट्ट धरणारे अॅक्रिलिक सिमेंट यशस्वी करून दाखवले होते. गन्स्टन यांनी १९६८ मध्ये तेच साहित्य गुडघ्यात आणले. मांडीच्या हाडाच्या दोन टोकांवर दोन अर्धगोल धातूच्या पट्ट्या, खाली नडगीवर प्लॅस्टिकच्या दोन अरुंद खाचा. मधला आस नाहीच. सगळे अस्थिबंध शाबूत ठेवून त्यांनाच सांधा चालवू द्यायचा. गुडघ्याची नैसर्गिक हालचाल ओळखून केलेली ही पहिली रचना होती आणि तिच्याबद्दल मला मोठा आदर वाटतो. अडचण अशी की पट्ट्या अरुंद होत्या, त्यामुळे सगळा भार हाडाच्या छोट्या भागावर यायचा आणि त्या खचायच्या किंवा सैल व्हायच्या. शिवाय वर्षानुवर्षे संधिवाताने वाकडा झालेला पाय सरळ करायचा, तर आखडलेले अस्थिबंध तसेच ठेवून ते फार कठीण होते.

राणावत, इन्सॉल आणि वॉकर यांच्या सांध्याने मधला मार्ग काढला. मांडीच्या हाडाच्या पूर्ण टोकावर धातूचे एकसंध आवरण, नडगीवर दोन उथळ वाट्यांसारखे खळगे असलेला प्लॅस्टिकचा जाड तुकडा, गुडघ्याच्या वाटीच्या मागे प्लॅस्टिकची चकती. मधले दोन्ही अस्थिबंध काढून टाकायचे, बाजूचे दोन ठेवायचे आणि त्यांचा ताण नीट जुळवायचा. सांध्याचे स्थैर्य थोडे खळग्यांच्या आकारातून, थोडे बाजूच्या अस्थिबंधांतून. राणावत यांच्या गटाने १९९३ मध्ये या सांध्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के टिकून होते. आजचे कित्येक महागडे सांधे जाहिरातींतून भविष्याची ग्वाही देतात. या साध्या सांध्याने ती प्रत्यक्षात दिली.

त्याचा दोष मात्र रुग्णांना रोज जाणवत असे. गुडघा जेमतेम नव्वद अंशांच्या आसपास वाकायचा. मागचा अस्थिबंध गेल्यामुळे मांडीचे हाड वाकताना मागे सरकत नव्हते, उलट मांडीच्या हाडाची कड प्लॅस्टिकच्या मागच्या काठावर अडायची. या एका त्रुटीवर दोन वेगळी उत्तरे आली आणि आज रुग्णाला विचारल्या जाणाऱ्या सी.आर. की पी.एस. या प्रश्नाचा जन्म तिथे झाला.

पहिले उत्तर: मागचा अस्थिबंध काढूच नका. बॉस्टनमधल्या सर्जन आणि अभियंत्यांनी हा रस्ता धरला. प्लॅस्टिकला मागे खाच ठेवायची, अस्थिबंध तिथून जाऊ द्यायचा आणि मांडीचे हाड मागे ओढण्याचे काम त्याच्यावर सोपवायचे. ही सी.आर. रचना, म्हणजे मागचा अस्थिबंध राखणारी. दुसरे उत्तर इन्सॉल आणि अभियंते आल्बर्ट बर्स्टीन यांनी १९७८ मध्ये दिले. अस्थिबंध काढा, पण त्याचे काम यंत्राने करा. नडगीवरच्या प्लॅस्टिकच्या मधोमध एक खुंटी उभी केली आणि मांडीच्या धातूच्या भागात मागे एक आडवा दांडा. गुडघा एका ठरावीक अंशापुढे वाकला, की दांडा खुंटीवर टेकतो आणि हाडाला मागे रेटतो. ही पी.एस. रचना.

कागदावर दोन्ही सुंदर दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींचीही किंमत मोजावी लागते. सी.आर. मध्ये हाड कमी कापावे लागते, पण राखलेला अस्थिबंध आधीच जुनाट, आखडलेला किंवा आमवाताने कुजत चाललेला असेल तर तो काय काम करणार? तो जास्त ताणला तर गुडघा वाकत नाही, ढिला पडला तर डळमळतो. नव्वदच्या दशकात डग्लस डेनिस आणि रिचर्ड कोमिस्टेक यांनी चालत्या-वाकत्या रुग्णांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रफीत घेऊन पाहिली. मागचा अस्थिबंध राखलेल्या अनेक गुडघ्यांत मांडीचे हाड वाकताना मागे जाण्याऐवजी चक्क पुढे घसरताना दिसले. पुढचा अस्थिबंध नाही, गाद्या नाहीत, मूळचा आकार नाही. अशा वेळी एकटा मागचा अस्थिबंध जुनी चाल परत आणू शकत नाही, हे त्यातून कळले. पी.एस. मध्ये मागे सरकणे अधिक भरवशाचे असते, पण दांड्यासाठी मांडीच्या हाडाच्या मधोमध चौकोनी खड्डा कापावा लागतो, प्लॅस्टिकची खुंटी झिजू शकते, क्वचित मोडते. पहिल्या काही नमुन्यांत तर वाटीच्या वर तयार झालेली तंतूंची गाठ त्या चौकोनाच्या कडेत अडकायची आणि पाय सरळ करताना खटकन आवाज यायचा. धातूच्या कडांचा आकार बदलल्यावर ते पुष्कळ कमी झाले.

मग कोणती चांगली? कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये दोन्हींची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा वेदना, हालचाल आणि कार्य या बाबतींत रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणता येईल असा फरक मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कृत्रिम सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पी.एस. सांधे पुन्हा बदलावे लागण्याचे प्रमाण थोडे जास्त दिसते. पण तिथे अवघड गुडघे पी.एस. कडे जास्त जातात हेही लक्षात घ्यायला हवे. मागचा अस्थिबंध धड नसेल, पाय फार वाकडा असेल, गुडघ्याची वाटी पूर्वी काढलेली असेल तर बहुतेक सर्जन पी.एस. निवडतात, आणि ते समजण्यासारखे आहे. बाकीच्या रुग्णांमध्ये सर्जनचा ज्या रचनेवर हात बसला आहे, ती रचना त्याने वापरावी हेच बरे.

अस्थिबंधांची कथा इथवर आली. आता त्याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी लढाई पाहू, ती प्लॅस्टिकच्या आकाराची. नडगीवरचे प्लॅस्टिक सपाट ठेवले तर गुडघा मोकळेपणाने वळतो आणि सरकतो. पण गोल धातू सपाट प्लॅस्टिकवर अगदी छोट्या ठिपक्यावर टेकतो, तिथला दाब भयंकर वाढतो आणि प्लॅस्टिक खरवडले जाते. प्लॅस्टिकला खोलगट वाटीचा आकार दिला तर दाब पसरतो, झीज कमी होते. पण गुडघ्याला वळायला वाव राहत नाही आणि वळण्याचा पीळ जुन्या बिजागरीसारखाच सिमेंट आणि हाडाच्या जोडावर जाऊन पडतो. म्हणजे झीज वाचवायला जावे तर पकड सैल होते, पकड वाचवायला जावे तर झीज वाढते. ऐंशीच्या दशकात काही सांध्यांमध्ये सपाट आणि फार पातळ प्लॅस्टिक वापरले गेले आणि त्यांचे हाल झाले. प्लॅस्टिकची जाडी आठ मिलिमीटरच्या खाली आली, की त्यातला ताण झपाट्याने वाढतो हे तेव्हा लक्षात आले.

झिजलेल्या प्लॅस्टिकचा प्रश्न निव्वळ तुकडा पातळ होण्याचा नाही. त्यातून निघणारे कण मायक्रॉनहूनही बारीक असतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि दाहाचे रासायनिक संदेश सोडत राहतात. ते संदेश हाड खाणाऱ्या पेशींना जागे करतात. कृत्रिम सांध्याभोवतीचे हाड असे हळूहळू विरघळते आणि रुग्णाला काही कळायच्या आत धातूखालची जमीन जाते.

हा पेच सोडवण्याचा अतिशय बुद्धिमान प्रयत्न म्हणजे फिरती गादी. ऑक्सफर्डमध्ये सर्जन जॉन गुडफेलो आणि अभियंते जॉन ओकॉनर यांनी सत्तरच्या दशकात प्लॅस्टिकचा तुकडा नडगीवरच्या धातूला न जोडता मोकळा ठेवला. वरून तो मांडीच्या गोल धातूला अचूक जुळणारा, खालून सपाट धातूवर सरकणारा. वर पूर्ण स्पर्श, म्हणून झीज कमी. खाली मोकळीक, म्हणून पीळ हाडापर्यंत जात नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या फ्रेडरिक ब्यूकल आणि मायकेल पापास यांनी १९७७ पासून हीच कल्पना एका खुंटीभोवती फिरणाऱ्या गादीच्या रूपात आणली. त्याला ‘रोटेटिंग प्लॅटफॉर्म’ म्हणतात. या रचनेला नवी जोखीमही आहे: अस्थिबंधांचा ताण नीट जुळला नाही, तर मोकळी गादी निसटून बाहेर येऊ शकते.

कागदावर जिंकलेली ही रचना रुग्णांमध्ये जिंकली का? दक्षिण कोरियाच्या यंग-हू किम यांनी याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत न्याय्य मार्ग काढला. ज्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते, त्यांच्या एका गुडघ्यात स्थिर गादी आणि दुसऱ्यात फिरती गादी बसवली. माणूस तोच, वजन तेच, वय तेच, जगणे तेच. दोन्ही गुडघ्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सुरू झालेल्या २,३५२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीतही फिरत्या गादीचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि कोक्रेनचा २०१५ चा आढावाही तेच सांगतो. मधल्या काळात प्लॅस्टिकच सुधारले, हे याचे एक कारण असावे. पूर्वी ते हवेत ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्यामुळे ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ व्हायचे. आता ऑक्सिजन दूर ठेवून निर्जंतुकीकरण करतात, त्याच्या रेणूंच्या साखळ्या आडव्या जोडून त्याची झीज कमी करतात, काही कंपन्या त्यात ई-जीवनसत्त्वही मिसळतात.

मीडियल पिव्हट रचना मात्र वेगळ्या निरीक्षणातून आली. लंडनचे मायकेल फ्रीमन आणि प्रागच्या व्हेरा पिन्स्केरोव्हा यांनी नैसर्गिक गुडघे बारकाईने तपासले, तेव्हा आतल्या बाजूचे मांडीचे टोक वाकताना फारसे हलत नाही आणि बाहेरच्या बाजूचे टोकच मागे सरकते, हे स्पष्ट झाले. वर्तुळ काढायच्या कंपासचे टोक एका जागी रोवलेले असावे आणि पेन्सिल त्याभोवती कमान काढत जावी, तशी ही हालचाल आहे. म्हणून या सांध्यात आतली बाजू चेंडू आणि वाटीसारखी घट्ट जुळवतात, बाहेरची बाजू सपाट व मोकळी ठेवतात. खुंटीची गरज नाही, हाडात चौकोन कापायची गरज नाही. असे सांधे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत. मला ही रचना विचार म्हणून सर्वांत पटते, आणि काही अभ्यासांत रुग्ण तिला अधिक नैसर्गिक म्हणतात. मात्र ती सर्वांसाठी सरस आहे असे म्हणायला नोंदवह्यांचा आधार अजून पुरेसा नाही.

आपल्याकडचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे जमिनीवर बसण्याचा. सपाट रस्त्यावर चालायला साठ-पासष्ट अंश वाकणे पुरते. खुर्चीतून उठायला नव्वद ते शंभर लागतात. उकिडवे बसायला १३० च्या पुढे, वज्रासनाला किंवा नमाजाला १५० च्या आसपास. चांगले बसवलेले आजचे गुडघे साधारण ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतात. मध्यंतरी आशियातल्या रुग्णांसाठी म्हणून हाय-फ्लेक्स सांधे मोठ्या गाजावाजात आले. त्यात मांडीच्या धातूचा मागचा भाग वाढवलेला असतो, म्हणजे खोल वाकल्यावरही स्पर्श तुटू नये. पण त्यासाठी मागचे हाड थोडे जास्त कापावे लागते, आणि तुलनात्मक चाचण्यांत वाकण्याचा फायदा फार थोडा किंवा नगण्य दिसला. कोरियातल्या एका गटाने तर खोल वाकणाऱ्या रुग्णांमध्ये मांडीचा भाग लवकर सैल झाल्याची नोंद केली. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे सर्वांत जास्त ठरते ते शस्त्रक्रियेआधी तो किती वाकत होता यावर. शेंगा निवडायला, देवपूजेला किंवा पंगतीला जमिनीवर बसणे ज्यांच्या जगण्याचा भाग आहे, त्यांना हे सर्जननी आधीच मोकळेपणाने सांगायला हवे. नवा गुडघा मिळाल्यावर खुर्ची, उंच पाट आणि कमोड यांची सोय घरात करावी लागेल, ही गोष्ट कुठलीही रचना पूर्णपणे टाळू शकत नाही.

मापाचा मुद्दाही आपल्याकडचाच. पाश्चात्त्य रुग्णांच्या मापांवर बेतलेला धातू आपल्याकडच्या लहान चणीच्या स्त्रीच्या हाडाबाहेर डोकावतो आणि आजूबाजूच्या मऊ भागाला घासतो. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय गुडघ्यांचा विचार करून ‘इंडस नी’ हा सांधा विकसित केला, त्यामागे हीच निकड होती. आता बहुतेक कंपन्या एका लांबीसाठी अरुंद व रुंद अशी दोन्ही मापे देतात.

अर्धा गुडघा बदलण्याची गोष्ट वेगळ्याने सांगायला हवी. झीज फक्त आतल्या बाजूला असेल आणि पुढचा अस्थिबंध शाबूत असेल, तर तेवढीच बाजू बदलता येते. गन्स्टन यांचे स्वप्न इथे पूर्ण होते, कारण मधले दोन्ही अस्थिबंध राहतात. म्हणूनच असे रुग्ण लवकर चालायला लागतात आणि त्यांचा गुडघा त्यांना आपला वाटतो. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अर्धा आणि पूर्ण बदल यांचे परिणाम सारखे निघाले आणि अर्ध्याचा खर्च कमी. पण टिकण्यात अर्धा गुडघा मागे पडतो. त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, अर्ध्यांपैकी सुमारे ७० टक्के. अशी शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या सर्जनकडे हे प्रमाण आणखी घसरते, म्हणून तो वर्षाला असे किती गुडघे करतो हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे.

बिजागरी पूर्ण गेली असे मात्र नाही. हाडाच्या कर्करोगात गुडघ्याभोवतीचे हाड आणि अस्थिबंध दोन्ही काढावे लागतात, किंवा दुसऱ्या-तिसऱ्यांदा बदललेल्या गुडघ्यात धरायला काही उरत नाही, तेव्हा आजही बिजागरीच लागते. आता ती वळूही देते, एवढी शहाणी झाली आहे.

आणि सोनेरी गुडघा? नेहमीच्या सांध्याचा मांडीचा भाग कोबाल्ट, सुमारे २८ टक्के क्रोमियम आणि ६ टक्के मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूचा असतो. त्यात अल्प निकेलही असते. सोनेरी रंग येतो तो टायटॅनियम-नायोबियम नायट्राइडच्या लेपामुळे, त्यात सोने नसते. धातूची खरी अॅलर्जी असलेल्या थोड्या रुग्णांना असा लेप किंवा पृष्ठभागावर ऑक्साइड केलेले झिर्कोनियम देण्यामागे कारण आहे. बाकीच्यांना हे सांधे जास्त टिकतात असा ठोस पुरावा नाही. तीस वर्षांची हमी म्हणून जे ऐकू येते, त्याचाही उगम यंत्रावर केलेल्या झिजेच्या चाचणीत आहे; चार कोटी पन्नास लाख वेळा यंत्राने गुडघा हलवून पाहिला गेला. यंत्राला जंतुसंसर्ग होत नाही आणि त्याचे हाडही ठिसूळ होत नाही. माणसांचे गुडघे मात्र पुन्हा उघडावे लागतात ते बहुतांशी जंतुसंसर्ग, सैलपणा आणि डळमळ यांमुळे.

या सगळ्यात वयाचा हिशेब सर्वांत निर्णायक ठरतो. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के निघाली, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. कुठल्याही दोन चांगल्या रचनांमध्ये इतका फरक नाही. आणि अनेक पाहण्यांमध्ये दर पाचांतला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो, हे आकडे रचना बदलत गेल्या तरी फारसे हललेले नाहीत.

म्हणून २०१७ च्या ऑगस्टमधल्या सरकारी आदेशाकडे मी केवळ स्वस्ताईचा निर्णय म्हणून पाहत नाही. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि हाय-फ्लेक्सची ५६,४९० रुपये ठरवली. टायटॅनियम किंवा ऑक्साइड केलेल्या झिर्कोनियमच्या सांध्याची ७६,६०० रुपये. वर कर वेगळा. त्याआधी नेहमीच्या सांध्याची छापील किंमतही सरासरी दीड लाखाच्या वर होती. साधा आणि हाय-फ्लेक्स यांतले अंतर १,७७० रुपयांवर आले, तेव्हा जास्त किमतीलाच जास्त गुण समजण्याचा आधार बराचसा गेला.

निवडीसाठी चांगला आधार आहे तो नोंदीचा. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड व वेल्सने २००३ मध्ये. तिथे प्रत्येक नमुन्याचे दरवर्षीचे अपयश मोजले जाते आणि ब्रिटनचे ‘ओडेप’ हे तज्ज्ञमंडळ त्यावरून सांध्यांना वर्षांनुसार दर्जा देते. आपल्या सर्जननी सुचवलेल्या नमुन्याला दहा वर्षांचा दर्जा आहे का, हे इंटरनेटवर पाहता येते.

यासाठी नमुन्याचे नाव माहीत हवे, आणि ते किती मोलाचे आहे हे २०२१ आणि २०२२ मध्ये दिसले. एक्झॅक्टेक या अमेरिकी कंपनीने २००४ पासूनचे आपल्या गुडघ्यांचे प्लॅस्टिक परत मागवले. रचनेत चूक नव्हती, सर्जनचीही नव्हती. प्लॅस्टिक ज्या पिशवीत बंद केले होते, तिच्यात ऑक्सिजन अडवणारा एक थर कमी होता, त्यामुळे ते रुग्णाच्या गुडघ्यात जाण्याआधीच ऑक्सिजनने कमजोर होत होते. आपल्या गुडघ्यात त्या पिशवीतले प्लॅस्टिक आहे का, हे फक्त बॅच क्रमांकावरून कळणार होते. भारतात २०१७ च्या आदेशानुसार रुग्णालयाने बिलात सांध्याचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळे लिहायचे असतात. शिवाय प्रत्येक भागाच्या खोक्यातले स्टिकर रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवले जाते. घरी निघताना त्या पानाची एक प्रत मागून फाईलमध्ये ठेवता येते.